ताबा : मूल कुणाचे, या प्रश्नाची कायदेशीर गोष्ट

दिवाळीच्या आधी कुटुंब न्यायालयांत एका विशिष्ट प्रकारचे अर्ज येऊ लागतात. सहामाही परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागणार असते आणि सुट्टीतले कोणते दिवस मूल आईकडे, कोणते वडिलांकडे हे ठरायचे असते. निकालपत्रांत सहसा ‘दिवाळीची निम्मी सुट्टी’ असा शब्दप्रयोग असतो. तो कागदावर नेमका वाटतो, पण पहिल्या अंघोळीचा दिवस कोणत्या निम्म्यात येतो, भाऊबीज कोणत्या घरी, यावर पुन्हा वाद उभा राहतो. मुलाची एक बहीण आईकडे आणि तो वडिलांकडे असेल, तर ओवाळणीसाठीही न्यायालयाची परवानगी मागावी लागते.

या साऱ्या व्यवहाराला मराठीत रूढ झालेला शब्द आहे ‘ताबा’. घराचा ताबा, जमिनीचा ताबा, गाडीवरचा ताबा आणि मुलाचा ताबा, सगळीकडे तोच शब्द. वस्तूच्या मालकीची भाषा मुलाला लावताना आपण अडखळत नाही, याला कारण आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा मुलाकडे जवळजवळ त्याच नजरेने पाहत होता. तिथून आजचा कायदा बराच दूर आला आहे, पण समाजातल्या समजुती अजून वाटेतच आहेत. या दोहोंतल्या अंतरात अनेक आई-बाप चुकीचे निर्णय घेतात, उशिरा वकिलाकडे जातात, किंवा गरज नसताना जातात. म्हणून हा कायदा कुठून आला, आज काय सांगतो आणि त्याची मदत नेमकी केव्हा घ्यावी, हे क्रमाने पाहू.

बापाचा हक्क : एक जुना वारसा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या कायद्याला विवाहितेच्या मुलांबाबत प्रश्नच पडत नव्हता. मुले बापाची. कॅरोलाइन नॉर्टन ही त्या काळातली नावाजलेली लेखिका. 1836 मध्ये तिचा संसार मोडला आणि नवऱ्याने तिन्ही मुलगे आपल्याकडे नेले. त्यांना नुसते भेटण्याचाही हक्क तिला नव्हता. तिने पत्रके लिहिली, संसद सदस्यांच्या मागे लागली, आणि 1839 मध्ये एक कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट मागण्याची मुभा आईला प्रथमच मिळाली. पण मुले तोवर स्कॉटलंडला हलवलेली होती आणि तिथे हा कायदा लागू नव्हता. धाकटा मुलगा 1842 मध्ये घोड्यावरून पडला आणि दगावला. आई पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. ज्या कायद्यासाठी ती झगडली, तो इतर आयांच्या उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. ॲनी बेझंट यांना आपण होमरूल चळवळीमुळे आणि काँग्रेसच्या अध्यक्षपदामुळे ओळखतो. तरुणपणी त्या नास्तिक विचारांच्या होत्या आणि संततिनियमनावरची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला होता. 1878 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्यांच्याकडून लहानग्या मेबलचा ताबा काढून घेतला. आईचे विचार आणि तिचे प्रकाशन हेच त्यामागचे कारण होते. मुलगी प्रेमाने वाढत होती, यावर फारसा वाद नव्हता.

पुढे पस्तीस वर्षांनी त्याच बेझंटबाई मद्रासच्या उच्च न्यायालयात ताब्याच्याच खटल्यात उभ्या होत्या, पण दुसऱ्या बाजूने. जिद्दू कृष्णमूर्ती आणि त्यांचे धाकटे बंधू नित्यानंद यांचे पालकत्व वडील नारायणय्या यांनी 1910 मध्ये बेझंट यांच्याकडे सोपवले होते. नंतर त्यांचे मन बदलले आणि त्यांनी मुले परत मागितली. मद्रासमध्ये 1913 मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला. 1914 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. या निकालातल्या दोन गोष्टी आजही महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, बापाने लेखी करार करून मुले सोपवली तरी तो करार त्याच्यावर कायमचा बंधनकारक नाही, कारण पालकत्व ही विश्वासाने सांभाळायची जबाबदारी आहे आणि ती विकून टाकता येत नाही. दुसरी ही की, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, परत यायला तयार नसलेल्या मुलांचे म्हणणे न ऐकता त्यांना परत आणण्याचा हुकूम देता येत नाही. मूल कुठे राहते आणि मुलाला काय वाटते, हे दोन्ही प्रश्न आजच्या प्रत्येक खटल्यात विचारले जातात.

‘नंतर’ या शब्दाचा अर्थ

आपल्याकडचा मूळ कायदा 1890 चा, पालक व पाल्य अधिनियम. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे आणि आजही चालू आहे. पालक नेमताना मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य आणि क्षमता, मुलाशी असलेले नाते हे सारे पाहावे आणि मूल समजण्याइतके मोठे असेल तर त्याची पसंती विचारात घ्यावी, असे त्याचे कलम 17 सांगते. पण याच कायद्यात बापाचे झुकते माप होते. वडील हयात असतील आणि अपात्र ठरले नसतील, तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, अशी तरतूद होती. त्या ओळीत वडिलांच्या जोडीला आईचे नाव यायला 2010 साल उजाडावे लागले.

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे. त्याचे कलम 6 म्हणते, अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्या ‘नंतर’ आई. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे राहील. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाची पालक आधी आई, मग वडील. आणि कलम 13 म्हणते की, काहीही असले तरी मुलाचे हित सर्वोच्च.

यातल्या ‘नंतर’ या एका शब्दाने एक मोठा खटला घडवला. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली. नवरा-बायकोत वाद नव्हता. दोघांचे तसे ठरलेच होते. तरी वडिलांची सही हवी, असे उत्तर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1999 मध्ये निकाल लागला. ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असा अर्थ घेतला तर स्त्री-पुरुष समतेच्या घटनात्मक हमीला बाधा येते, म्हणून ‘नंतर’ म्हणजे ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असे वाचावे, असे न्यायालयाने ठरवले. वडील दूर असतील, मुलाकडे लक्ष देत नसतील, आजारी असतील किंवा दोघांचे तसे ठरले असेल, तर आई त्यांच्या हयातीतही नैसर्गिक पालक असते. कायद्यातला शब्द मात्र तसाच राहिला. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात आई-वडिलांना एकाच पायरीवर ठेवण्याची आणि संयुक्त ताब्याची तरतूद करण्याची शिफारस केली. संसदेने ती अजून कायद्यात आणलेली नाही.

त्याच 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. अविवाहित आईला मुलाचे पालकत्व मागताना वडिलांचे नाव उघड करण्याची किंवा त्यांना नोटीस पाठवण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला.

मुस्लीम व्यक्तिगत कायद्यात सुरुवातीपासून दोन वेगळ्या कल्पना आहेत. ‘हिजानत’ म्हणजे लहान मुलाला जवळ ठेवून वाढवणे. तो हक्क आधी आईचा. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो तिच्याकडे असतो. ‘विलायत’ म्हणजे पालकत्व, ते वडिलांकडे. ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्या जोडप्यांच्या बाबतीत त्या-त्या विवाहविषयक कायद्यात ताब्याची कलमे आहेत. वाट कोणतीही असली, तरी शेवटी न्यायाधीशासमोर उभा राहणारा प्रश्न मुलाच्या हिताचाच असतो.

ताबा, पालकत्व आणि भेट

सामान्य बोलण्यात हे तिन्ही एकच समजले जातात आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा, सही करण्याचा, त्याच्या मालमत्तेची काळजी घेण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कुणाजवळ राहते, त्याचा डबा कोण भरते, ताप आला तर रात्री कोण जागते. ज्याच्याकडे ताबा नाही, त्याचे पालकत्व आपोआप जात नाही. त्याला भेटीचा हक्क असतो आणि तो हक्क खरे तर मुलाचाही आहे. मुलाला दोघांचे प्रेम मिळावे, हे त्यामागचे तत्त्व.

भेटीचे स्वरूप प्रकरणानुसार बदलते. काही तासांची भेट न्यायालयाच्या आवारात होऊ शकते. मुंबईत वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मुलांसाठी वेगळी जागा आहे. काही प्रकरणांत शनिवार-रविवारचा मुक्काम असतो, काहींत निम्मी उन्हाळी सुट्टी. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्काचाही विचार केला. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता आले पाहिजे, असे त्यात सांगितले. परगावी किंवा परदेशी असलेल्या पालकासाठी हे मोलाचे आहे.

संयुक्त ताबाही पूर्ण अपरिचित नाही. 2013 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा वर्षाचे पहिले सहा महिने वडिलांकडे आणि पुढचे सहा महिने आईकडे दिला. पण अशी व्यवस्था दोन्ही घरे जवळ असतील, शाळा तीच राहणार असेल आणि आई-वडील एकमेकांशी निदान कामापुरते बोलत असतील, तेव्हाच टिकते. नाहीतर मूल दर काही दिवसांनी दप्तर आणि भांडण दोन्ही पाठीवर घेऊन फिरते.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. मुले ही आई-वडिलांच्या मालकीची वस्तू किंवा खेळणे नव्हेत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच घेतली आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलता येतो, असे सांगितले. परस्पर संमतीने झालेल्या घटस्फोटात ताबा ठरला असला, तरी हेच लागू आहे. मूल तीन वर्षांचे असताना जे ठरले, ते तेराव्या वर्षी योग्य असेलच असे नाही.

पाच रूढ समजुती

‘पाच वर्षांपर्यंत आईकडे, मग वडिलांकडे.’ कायद्यात असे कुठेही नाही. पाच वर्षांनंतर ताबा आपोआप बदलत नाही. पाच वर्षांच्या आत तो आईकडे ‘सर्वसाधारणपणे’ असतो आणि तसे नको असेल तर त्याची कारणे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर येते. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून लहानग्याचा ताबा आईकडे दिला.

‘आई कमावत नाही, म्हणून तिला मूल मिळणार नाही.’ एकट्या उत्पन्नावर ताबा ठरत नाही. ताबा आईकडे राहून खर्च वडिलांनी द्यावा, ही नेहमीची व्यवस्था आहे.

‘बायकोचे बाहेर संबंध होते, म्हणजे मूल माझे.’ 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते, पण एवढ्यावरून आईला ताबा नाकारता येत नाही. जोडीदार म्हणून कमी पडलेली व्यक्ती पालक म्हणूनही कमी पडते असे नाही. हे पुरुषालाही तितकेच लागू आहे.

‘मूल सांगेल तेच न्यायालय करील.’ न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकटेच बोलतात, वकील आणि नातेवाईक बाहेर असतात. मुलाच्या म्हणण्याला वयाप्रमाणे वजन मिळते, पण ते अंतिम नसते. मोबाइल मिळतो म्हणून, अभ्यासाचा धाक नाही म्हणून, किंवा घरात कुणीतरी पढवले म्हणून मूल काही बोलत असेल, तर अनुभवी न्यायाधीशाच्या ते ध्यानात येते. एका पालकाने दुसऱ्याबद्दल मुलाचे मन कलुषित करणे हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये गंभीरपणे घेतला. वर्षानुवर्षे वडिलांकडे राहिलेल्या मुलीला आईजवळ राहण्याची संधीच मिळाली नव्हती, हे पाहून तिचा ताबा आईकडे दिला.

‘भेटू देत नाही, तर पोटगी बंद.’ आणि उलट, ‘पोटगी देत नाही, तर भेट बंद.’ दोन्ही चूक. या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत. एकीचा भंग झाला तर त्याची तक्रार न्यायालयात करायची, दुसरी बंद करायची नाही. या हिशेबात उपाशी राहते ते मूल.

वकील केव्हा गाठावा

प्रत्येक मतभेदासाठी वकिलाची गरज नसते. दोघांचे बोलणे चालू आहे, मूल सुरक्षित आहे, वेळापत्रकावरून कुरबूर आहे, अशा वेळी कौटुंबिक समुपदेशक किंवा मध्यस्थ अधिक उपयोगी. कुटुंब न्यायालयांचा 1984 चा कायदा मुळात याच विचारातून झाला. महाराष्ट्रात 1989 मध्ये पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. तिथे समुपदेशक असतात, समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नसून त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. व्यवहारात ती बहुधा मिळते. मात्र पुढील प्रसंगी कायद्याचा सल्ला लगेच घ्यावा. इथे वाट पाहणे महागात पडते.

पहिला प्रसंग, मूल नेले आहे आणि परत आणले जात नाही. अशा वेळी बहुतेक जण पोलीस ठाण्यात धाव घेतात आणि निराश होऊन परततात. वडील किंवा आई हे स्वतः नैसर्गिक पालक असल्याने, न्यायालयाची मनाई नसताना त्यांनी मूल नेणे हे सहसा अपहरण ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये एका वडिलांच्या बाबतीत तसेच म्हटले. मार्ग आहे तो न्यायालयाचा. मूल जिथे नेहमी राहत होते, तिथल्या कुटुंब न्यायालयात किंवा जिल्हा न्यायालयात अर्ज करून तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. काही परिस्थितीत उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका करता येते. मूल नव्या ठिकाणी जितके रुळेल, नव्या शाळेत जितके महिने जातील, तितके ते स्थैर्य दुसऱ्या बाजूच्या पारड्यात पडते. म्हणून उशीर करू नये.

दुसरा, घरात मारहाण किंवा छळ आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 च्या कायद्याच्या कलम 21 प्रमाणे दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटले तर ती नाकारू शकतात. घर सोडावे लागले तर मुलांना सोबत घेऊन निघावे आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा वकिलाकडे शक्य तितक्या लवकर नोंद करावी. मुलांना मागे ठेवून आलेल्या आईला पुढे ‘तू सोडून गेलीस’ हे वाक्य न्यायालयात ऐकावे लागते.

तिसरा, नोटीस किंवा समन्स आले आहे. हजर राहिले नाही तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. कुटुंब न्यायालयाच्या निकालावर अपील करायचे तर मुदत 30 दिवसांची असते.

चौथा, परस्पर संमतीचा घटस्फोट. इथे सगळे गोडीत चालले आहे म्हणून लोक संमतीच्या अटी न वाचता सही करतात. ‘वडिलांना वाजवी भेट’ अशा मोघम ओळीवर पुढे वर्षानुवर्षे भांडणे होतात. कोणता वार, किती वाजता, कुणी आणायचे, कुणी पोहोचवायचे, आजारपणात काय, सणवार कसे, शाळेच्या सभेला कोण, आजी-आजोबांकडे किती दिवस, शिक्षणाचा खर्च कोणत्या प्रमाणात, हे सारे लिहून घ्यावे. आज दोन तास लागतील, पण पुढची दहा वर्षे वाचतील.

पाचवा, परदेश. पुण्या-मुंबईतून अमेरिका, इंग्लंड, आखात, ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची संख्या पाहता या मुद्द्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबत 1980 चा हेग करार आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. परदेशात वाढलेले मूल एका पालकाने भारतात आणले, तर ते परत पाठवायचे की नाही, हे आपली न्यायालये प्रत्येक प्रकरणात नव्याने तपासतात. 1986 मध्ये अमेरिकेहून पुण्याला आणलेल्या एका मुलाला सर्वोच्च न्यायालयाने आईकडे परत पाठवले. 2017 च्या एका निकालात मात्र परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक आहे, असे म्हटले. म्हणजे निकाल आधी सांगता येत नाही. त्यातच ज्या देशातून मूल आणले, तिथे आणणाऱ्या पालकावर फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही देशांतल्या कायद्याचा सल्ला घ्यावा. दुसरा पालक मुलाला बाहेर नेईल अशी भीती असेल, तर न्यायालयाकडून तशी मनाई आणि पासपोर्ट जमा करण्याचा आदेश वेळीच मागावा.

सहावा, एका पालकाचा मृत्यू. आईच्या पश्चात मूल मावशीकडे किंवा आजोळी वाढते आणि काही काळाने वडील मागतात, असे घडते. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या अशाच एका प्रकरणात आईच्या दीर्घ आजारात मावशीने सांभाळलेली मुलगी सर्वोच्च न्यायालयाने वडिलांकडे दिली, पण आजोळच्या माणसांना तिला भेटण्याची मुभा ठेवली. मावशीच्या मायेत खोट नव्हती. मुलगी सांभाळायला सक्षम असलेल्या वडिलांना डावलण्याचे कारणही नव्हते. नातेवाइकांनी अशी जबाबदारी घेताना हे जाणून घ्यावे, आणि वडिलांशी संपर्क तुटू देऊ नये.

पैसे नाहीत म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि 15100 या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. मूल धोक्यात असेल तर 1098 आहे.

वकिलाकडे जाताना काय न्यावे? मुलाचा जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, शाळेची प्रगतिपुस्तके आणि फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांचे कागद, आधीचे कोणतेही आदेश, आणि एक साधी वही. त्या वहीत तारखेवार लिहिलेले असावे की, मुलाला शाळेत कोण सोडते, पालकसभेला कोण जाते, भेटी कधी झाल्या, कधी टळल्या. मोठमोठ्या आरोपांपेक्षा न्यायालयात ही वही अधिक बोलते, कारण रोजचे संगोपन कोण करते हेच तर सिद्ध करायचे असते. आणि वकिलाने पहिल्याच भेटीत ‘मूल तुम्हालाच मिळवून देतो’ अशी खात्री दिली, तर दुसरे मत घ्यावे.

मुलाच्या बाजूने

एवढे सगळे जाणून घेतल्यावरही एक गोष्ट उरते. न्यायालय वेळापत्रक ठरवू शकते. ते दाराशी मूल सोपवतानाचा चेहरा ठरवू शकत नाही. भेटीहून परतलेल्या मुलाला ‘तिकडे काय काय झाले’ असे खोदून विचारणे, त्याच्या समोर दुसऱ्याची निंदा करणे, त्याला निरोप्या करणे, त्याचे बोलणे मोबाइलवर टिपून ठेवणे, हे कोणत्याही आदेशाने थांबत नाही. ते थांबवणे आई-वडिलांच्याच हाती असते.

ॲनी बेझंट यांच्याकडून मेबल हिरावली गेली. तिचा भाऊ आधीपासून वडिलांकडेच होता. पुढे दोघेही सज्ञान झाले आणि आपल्या पायांनी आईकडे आले. न्यायालयाने दिलेला ताबा अठराव्या वर्षी संपतो. त्यानंतर मूल कुणाकडे जाईल, दिवाळीला कोणत्या दारी उभे राहील, हे त्याचे तेच ठरवते. तोवरच्या वर्षांत आपण त्याच्याशी आणि त्याच्या दुसऱ्या पालकाशी कसे वागलो, त्यावर ते अवलंबून असते. ताब्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एवढा विचार केला, तर कितीतरी अर्ज करावेच लागणार नाहीत. आणि जे करावे लागतील, ते अधिक शहाणपणाने केले जातील.